कोठाराची तिसरी कैची

एनिस, रविवार, २५ एप्रिल २०२१

बाबा,

आज मी सहा-सातशे वर्षांपूर्वीचं छप्पर पाहिलं. मूळचं! लाकूड मूळचं, सांधे मूळचे, आणि एकही खिळा नाही. घाईत लिहितेय म्हणून अक्षर असं आलंय. तुम्ही म्हणाल, अक्षर नेहमी असंच होतं.

कागदावर लिहितेय, कारण फोनवर तुम्ही येत नाही. मी इकडे आले त्याला चार वर्षं होतील. माझा फोन आला की आईला "शारदा, तुझा आहे" म्हणता आणि बाल्कनीत जाता. मला इथे ऐकू येतं ते. टपाल सध्या कधी पोचेल कुणाला माहीत, म्हणून पानांचे फोटो काढून छपराच्या फोटोबरोबर आईला पाठवीन. आई, तू मोठ्याने वाच. बाबा पेपर वाचत असतील तर वाचू देत.

तर, आयर्लंडभर कोविडची टाळेबंदी, हिवाळाभर आम्ही घरापासून पाच किलोमीटरच्या आत होतो. या महिन्यात जिल्ह्यात कुठेही फिरायची परवानगी मिळाली. अभिजितने आज गाडी काढली, दिसेल त्या रस्त्याला वळत सुटलो. दोन्हीकडे दगडी बांध, मधे एक गाडी जाईल एवढी वाट, आणि ऐन मध्यावर अनुयाची घोषणा : "मम्मा, आय रिअली, रिअली नीड टू गो." सहा वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र या एनिसच्या हेलात.

एका शेतघरासमोर थांबलो. सत्तरीच्या एक बाई अंगणात बटाटे लावत होत्या. मॉरीन हेगार्टी. मास्क नाकाखाली. "घरात घेता यायचं नाही गं राणी, पण गोठ्यामागे संडास आहे," म्हणाल्या. अभिजित तिला घेऊन गेला. मी गाडीतच बसणार होते. हल्ली मला उतरायचा कंटाळा येतो. पण काचेतून पलीकडे एक लांबलचक दगडी भिंत दिसली, तिला बाहेरून टेकलेले जाडजूड दगडी आधार, आणि वर गंजका पत्रा. इतक्या भारी भिंतीवर पत्रा? मी उतरले.

"ते काय आहे?"

"कोठार. मठातल्या साधूंचं. मठ पडला, कोठार राहिलं. बघायचंय? जा, पण हळू. युअर मॅन झोपला असेल."

मला वाटलं नवरा असेल. युअर मॅन म्हणजे इथे 'तो बुवा', कुणीही असू शकतो. हा बुवा निघाला घुबड. पांढरंशुभ्र, बदामासारखं तोंड, भिंतीतल्या कोनाड्यात बसून माझ्याकडे तुच्छतेने पाहत होतं. आपण ज्याला गव्हाणी घुबड म्हणतो तेच.

आणि मग मी वर पाहिलं.

बाबा, पत्रा नंतरचा आहे. त्याच्या खाली अख्खं छप्पर जागच्या जागी आहे. छप्पर तोलणाऱ्या ओकच्या आठ तिकोनी कैच्या, एकीमागे एक, पार टोकापर्यंत. तुळया माझ्या कमरेएवढ्या जाड. कुऱ्हाडीने तासल्याच्या खुणा खालूनसुद्धा दिसतात. सांध्यात लाकडी खुंट्या, त्या कापून सपाटही केलेल्या नाहीत, तशाच बाहेर डोकावतायत, जणू सुतार दुपारचं जेवून परत येणार आहे. लांब भिंतींच्या मध्यावर समोरासमोर दोन उंच दारं, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. मॉरीनबाई म्हणाल्या, मधे मळणी व्हायची आणि दोन्ही दारं उघडली की वाऱ्यावर धान्य उफणायचे. म्हणजे खळंच की! आपलं खळं उघड्यावर, यांच्याकडे बारा महिने पाऊस, म्हणून यांनी खळ्यावर छप्पर घातलं. मी मधोमध उभी राहिले आणि पश्चिमेचा वारा खरंच आरपार गेला. मी ओरडलेच. अभिजितला वाटलं मला काहीतरी चावलं.

एक गोष्ट खटकली. पश्चिमेच्या भिंतीने पोट काढलंय. तिसऱ्या कैचीखाली.

आम्ही सगळे ग्रँड आहोत, म्हणजे इथल्या भाषेत मजेत. तिकडच्या बातम्या बघवत नाहीत. दोघंही घराबाहेर पडू नका.

पूर्णिमा


एनिस, रविवार, १६ मे २०२१

बाबा,

आई हल्ली फोनवर घाईत असते. "सगळं बरं आहे, ठेवते" एवढंच. मी विचारलं, बाबांनी पत्र ऐकलं का? तर म्हणाली, "फोटो मोठा कसा करायचा ते विचारत होते." मला तेवढं पुरे आहे!

मी कोठारात पुन्हा जाऊन आले. आणि पुन्हा. मॉरीनबाई आता मला बघितलं की किटली चढवतात, चहाचा मग बाहेर भिंतीवर ठेवून लांब जातात, मग मी तो उचलते. अनुया त्यांच्या कोंबड्यांमागे असते. मी टेप, ओळंबा आणि अनुयाची चित्रकलेची वही नेली आणि मापं घ्यायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप चालला.

दुसऱ्या खेपेला मॉरीनबाईंनी सांगितलं की एवढी मेहनत घेऊ नकोस, छप्पर बहुधा उतरवतील. भिंत या दोन हिवाळ्यांत जास्त फुगलीय. लिमरिकहून डोनल नावाचा एक इंजिनियर जूनमध्ये बघायला येणार आहे, जुन्या इमारतींचंच काम करतो. भिंत धोक्याची आहे असं तो म्हणाला तर छप्पर काढून भिंती तेवढ्या उभ्या ठेवायच्या. या क्लेअर जिल्ह्यात बिनछपराच्या भिंती पावलोपावली आहेत, बाबा. आत गवत, वर कावळे. आणखी एक वाढेल.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला काय वाटायचंय? माझं लग्नाचं जेवण या छपराखाली झालंय," एवढं बोलून त्या बटाट्यांकडे गेल्या.

मी तुम्हाला काही विचारत नाहीये. फक्त सांगतेय. आई, तुला कळावं म्हणून : कैची म्हणजे पाय फाकवून उभा राहिलेला माणूस समज. दोन्ही पाय एका आडव्या तुळईला बांधलेले असतात, म्हणून ते घसरत नाहीत. तुळईचं टोक कुजलं, की पाय सुटतो आणि भिंतीला बाहेर ढकलतो. माझा अंदाज असा की भिंत आजारी नाहीच. आजारी आहे तिसऱ्या कैचीची तुळई, भिंतीच्या आत, जिथे कुणाला दिसत नाही तिथे. पूर्वी कुणीतरी बाहेरून सिमेंट थापलंय, त्यामुळे ओल आत कोंडली असणार. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावणाऱ्याला तुम्ही काय म्हणायचात ते मी इथे लिहीत नाही, आई मोठ्याने वाचतेय.

आणि हो, सासवडच्या त्या जुन्या पुलाचं काम अर्धवट सोडून मी इकडे आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "इंजिनियरची पदवी घेऊन कणीक मळायला चाललीस." ते वाक्य माझ्या लक्षात आहे. ते तेव्हाही चूक होतं आणि आजही चूक आहे. एवढंच.

पूर्णिमा


एनिस, सोमवार, ३१ मे २०२१

बाबा,

परवा सांगलीचा नंबर दिसला, मी पोळ्या करत होते. "बोल आई," म्हटलं.

"तुळईचं टोक भिंतीत किती आत आहे?"

मला आधी आवाज ओळखूच आला नाही. केवढा खोल गेलाय तुमचा आवाज!

"साधारण दीड वीत असेल," मी म्हटलं. बाबा म्हणायचंही सुचलं नाही.

"साधारण म्हणजे? मोजलं नाहीस?"

"तिथवर माझा हात पोचत नाही."

"मग भिंत नाही, तुळई आजारी आहे, हे कशावरून ठरवलंस? स्वप्नात दिसलं? वर चढ. हातोडीने वाजवून बघ. भिंतीपासून लांब वाजव, मग जवळ वाजव. लाकूड सांगतं. पाहिल्याशिवाय त्या इंजिनियरसमोर एक शब्द बोलू नकोस."

आणि मग तो खोकला. थांबेचना. पोळी तव्यावर करपली. मग आईचा आवाज, "अहो पुरे, डॉक्टरांनी बोलू नका सांगितलंय." मी विचारलं, कुठल्या डॉक्टरांनी?

मग आईने सगळं सांगितलं. तुम्ही दवाखान्यात होतात, ऑक्सिजनवर. मी ओळंबा धरून कोठारात नाचत होते तेव्हा. आईला आत सोडत नव्हते, म्हणून तिने माझी पत्रं तुमच्या फोनवर पाठवली. आणि नर्स तिला म्हणाली, "आजोबा सारखे कसल्यातरी लाकडाचा फोटो मोठा करून बघत असतात."

चार वर्षांचा अबोला मी सहन केला, बाबा. हे लपवणं नाही सहन होणार. पुन्हा असं करू नका. आई, तूसुद्धा. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले आणि अभिजितला काय झालंय ते सांगता येईना. मी नुसतं "तुळई, तुळई" म्हणत होते.

पण आता ऐका. तुम्ही नीट झोपून ऐका. काल मी वर चढले!

मॉरीनबाईंनी शेजारून लांब शिडी मागवली. अभिजितने ती छातीशी धरली, मॉरीनबाई लांब उभ्या राहून छातीवर क्रूसाची खूण करत होत्या, आणि अनुया ओरडून सगळ्यांना सांगत होती की माय ममी इज नॉट स्केअर्ड. ममी एकेक पायरी मोजत होती. तुळईपाशी पोचले तर कोनाड्यातून ते घुबड फडफडत निघालं आणि माझ्या कानावरून पूर्वेच्या दारातून पसार. शिडी हलली. मी तुळईला मिठी मारली. बाबा, त्या लाकडाला धुराचा आणि गवताचा वास येतो.

मग वाजवलं. मधे वाजवलं तर टण्ण, देवळातल्या घंटेसारखं. सरकत सरकत भिंतीकडे आले. टण्ण, टण्ण, टण्ण, आणि भिंतीजवळ एकदम भद्द. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर शिऱ्यात चमचा जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. मी वरून मराठीत ओरडले, "सापडलं!" खाली मॉरीनबाईंना शब्द कळला नाही, तरी टाळ्या सगळ्यांत आधी त्यांनीच वाजवल्या.

तेवढ्यात कोनाड्यातून कुकरची वाफ सुटावी तसा आवाज. पिल्लं! कापसाचे गोळे, रागाने फुसफुसणारे. मी पटकन खाली उतरले. मॉरीनबाईंनी वन्यजीव खात्याला फोन केला. ही घुबडं इथे फार कमी उरलीत. कायद्याप्रमाणे पिल्लं उडून जाईपर्यंत आत कुणीही काम करायचं नाही. म्हणजे शरद ऋतूपर्यंत छप्पर निदान उतरत तरी नाही. बुवाने वेळ मिळवून दिला.

आता तुम्ही बरे व्हा. पुढचा फोन कराल तेव्हा खोकल्याशिवाय ओरडता आलं पाहिजे.

पूर्णिमा


एनिस, रविवार, २० जून २०२१

बाबा,

डोनल गुरुवारी आला. पन्नाशीचा, शांत, बूट चिखलाने माखलेले. मला आवडला, नंतर अर्धा तास अजिबात आवडला नाही, मग पुन्हा आवडला.

पिल्लांमुळे आत जायचं नव्हतं, म्हणून मी माझी सगळी चित्रं त्याच्या गाडीच्या बॉनेटवर मांडली आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर चार दगड ठेवले. तो एकेक कागद बघत होता. मी तिसऱ्या कैचीचं सांगितलं. त्याने मान हलवली, दारात उभं राहून दुर्बिणीने वर पाहिलं, कोठाराला एक फेरी मारली आणि परत येऊन म्हणाला, "तिसरी बरोबर. पाचवी हुकलीस."

पूर्वेच्या बाजूला भिंतीवर आयव्हीची वेल चढलीय. तिच्या मुळ्या थेट पाचव्या तुळईच्या टोकात घुसल्यात. भिंत फुगली नव्हती म्हणून मी त्या बाजूला वाजवलंच नव्हतं. माझं तोंड उतरलं. तुम्ही असतात तर काय बोलला असतात तेही मला अक्षरशः ऐकू आलं.

"दोन टोकं गेली म्हणजे छप्पर उतरवायचं?" मी विचारलं.

"सगळ्यात सोपं तेच."

"सोपं विचारलं नाही मी."

तो हसला. मग मी शेवटचा कागद काढला, ज्यावरून तुमचं-माझं तीन रविवार फोनवर भांडण चाललंय. छपराला हात न लावता एकेक कैची खालून टेकूंवर घ्यायची, जॅकने बोटभर उचलायची, कुजलेलं टोक कापायचं, तिथे नवं ओक जुन्यात गुंतवून बसवायचं आणि कैची पुन्हा भिंतीवर ठेवायची. भिंतीवरचं सिमेंट खरवडून चुना भरायचा. डोनलने कागद हातात घेतला.

"हे आत्ता काढलंस?"

"नाही. वडिलांशी भांडत भांडत काढलं. ते सांगलीत असतात. आयुष्यभर जुने पूल दुरुस्त केले त्यांनी."

"भांडण कशावर?"

"ते म्हणतात सांध्यावर लोखंडी पट्टी हवी. मी म्हणते नको, नुसतं लाकूड पेलेल."

"कोण जिंकलं?"

"अजून चालू आहे."

"मला वाटतं पातळशी पट्टी हवी," डोनल म्हणाला. झालं तुमचं समाधान? हे वाक्य मी आईला दोनदा वाचायला सांगणार नाही.

निघताना त्याने विचारलं, "एरवी काय करतेस?" मी म्हटलं, "कणीक मळते." त्याला काय ते समजावून सांगावं लागलं. मग मी खरं सांगितलं, की इथे कितीतरी ठिकाणी अर्ज केले, सगळीकडे एकच उत्तर, आयर्लंडमधला अनुभव नाही. तो म्हणाला, "मग हा घे. मला माणूस हवंच आहे. हे काम मंजूर झालं की सप्टेंबरपासून ये."

बाबा, मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की आम्ही सगळे ग्रँड आहोत. ते खरं नव्हतं. जानेवारीपासून मी सकाळी कपडेसुद्धा बदलत नव्हते. अनुयाची ऑनलाइन शाळा लावून देऊन तिच्या शेजारीच झोपून राहायचे. अभिजित आमचं दोघींचं जेवण करून कामाला बसायचा. त्या रविवारी त्याने मला जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं होतं. तुम्ही तुमचा ऑक्सिजन लपवलात, मी माझं हे लपवलं. आता दोघांचंही सांगून झालं.

मी गुरुवारी घरी येताना गाडीत गाणी म्हटली. अनुया म्हणाली, "मम्मा, यू आर बीइंग व्हेरी लाऊड." मी आणखी मोठ्याने म्हटली.

पूर्णिमा


एनिस, रविवार, १२ सप्टेंबर २०२१

बाबा,

पिल्लं उडाली! आणि माझ्या डोक्यावर माझ्या मालकीचं हेल्मेट आहे, त्यावर माझं नाव. मॉरीनबाईंनी त्या आनंदात केक केला आणि म्हणाल्या की खूप वर्षांत कोठारात एवढी क्रॅक झाली नव्हती. भिंतीतल्या भेगेबद्दल नाही, धमालीबद्दल बोलत होत्या. मी मात्र दचकून भिंतीकडे पाहिलं.

छपरावर एक तात्पुरती ताडपत्रीची छत्री उभी केलीय. आत परांची बांधली. आता मी रोज कैच्यांच्या उंचीवर चालते. सगळ्यात मोठी बातमी अशी : डोनलने तुळईचा एक बारीक गाभा काढून तपासायला पाठवला होता. झाडाच्या वर्तुळांवरून ते झाड कधी तोडलं ते कळतं. उत्तर आलं. १३४६ चा हिवाळा.

मी ते वाचून परांचीवरच बसले. कारण १३४८ मध्ये इथे प्लेग आला, गावंच्या गावं गेली. ज्या सुतारांनी या खुंट्या ठोकल्या त्यांना पुढच्या दोन वर्षांत काय वाढून ठेवलंय याचा पत्ता नव्हता. त्यांनी शेकडो वर्षांचं काम केलं. पुढच्या वर्षी मळणीला किती जण उरले असतील? पण कोठार भरत राहिलं. मॉरीनबाईंच्या लहानपणी भरत होतं.

तुमचे रविवारचे फोन मला आवडतात. आपण पट्टीच्या जाडीवर भांडतो, लाकडातल्या ओलीवर भांडतो, आणि त्या चार वर्षांविषयी दोघंही बोलत नाही. आज मी बोलते. मला अभिजितसोबत राहायचं होतं म्हणून आले. मला त्याचा पश्चात्ताप नाही, पुन्हा वेळ आली तरी येईन. ते काम सोडताना मला किती जड गेलं हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुम्ही तुमची इंजिनियर गमावली म्हणून रुसलात. तुमची मुलगी इथे फोन धरून बसली होती. मला माफी नकोय, तुम्हाला मागताही येत नाही. तुम्ही या.

उद्यापासून आयर्लंडचे व्हिसा पुन्हा सुरू होतायत. अभिजितने सगळी माहिती काढून ठेवलीय. मागच्या रविवारी तुम्ही म्हणालात, "इतक्या लांब येऊन मी करू काय?" छप्पर बघा. नात बघा, ती तुम्हाला इंग्रजीत उत्तरं देईल, पण तुमचं सगळं समजेल. डिसेंबरात तिसरी कैची उचलणार आहोत. तुम्ही सांगितलेली पट्टी बसली की नाही हे मी कळवायचं आणि तुम्ही मान्य करायचं, असं तुमच्याकडून व्हायचं नाही. तुम्हाला हातोडीने वाजवूनच बघावं लागेल.

आई, व्हिसाचे फोटो काढायला त्यांना इस्त्रीचा शर्ट घालून ने.

पूर्णिमा


हेगार्टींचं शेत, सोमवार, १३ डिसेंबर २०२१, सकाळ

बाबा,

हे पत्र डब्लिनच्या विमानतळावर अभिजित तुमच्या हातात देईल. मी तिथे नाही. आई, आधी रडून घे, मग वाच.

मी येणारच होते. नवी साडी काढून ठेवली होती, डबा तयार होता. पण मागच्या मंगळवारी इथे मोठं वादळ झालं, छपरावरची ताडपत्री फाटली आणि गुरुवारी ठरलेलं काम पुढे गेलं. वारा आज पडलाय, उद्या रात्रीपासून पुन्हा सुटणार म्हणतात. पुन्हा पावसाळी हवेत कैची उघडी ठेवता येणार नाही. आज उचललीच पाहिजे. आणि काल दुपारी डोनलचा फोन आला. त्याला कोविड झालाय, घरात कोंडून घेतलंय, ताप आहे पण आवाज ठणठणीत. मला वाटलं काम रद्द. तो म्हणाला, "रद्द कशाला? तू आहेस ना. तुझंच चित्र आहे."

बाबा, आज जॅक कधी चालवायचा आणि कधी थांबवायचा हे मी सांगणार आहे.

मी अभिजितला म्हटलं, चार वर्षांनी येतायत आणि मी न्यायलासुद्धा नाही. तो म्हणाला, "काम सोडून आलीस तर ते पुढच्या विमानाने परत जातील." मला हसू आलं, आणि मग कळलं की माझा निर्णय आधीच झालेला आहे.

आता सूचना. आई, अनुयाने तुमच्यासाठी फलक बनवलाय, मराठीत लिहिलाय, 'आजोबा' मधला 'ज' उलटा आहे, त्याबद्दल बोलू नका. गाडीत ब्लँकेट आणि थर्मासमध्ये चहा आहे. डब्यात मेथीचे ठेपले. दार उघडायच्या आधी कोट घाला, इथली थंडी सांगलीची नाही. बाबा, श्वास लागला तर अभिजितला लगेच सांगा, लपवू नका.

घरी जाऊ नका. सामान गाडीतच असू दे. दोन-अडीच तासांचा रस्ता आहे, सरळ इकडे या. मॉरीनबाईंना सांगून ठेवलंय. त्यांनी तुमच्यासाठी नव्या हातोडीसारखी घासून पुसून आपल्या वडिलांची काठी काढून ठेवलीय, चिखल फार आहे. आईला त्या घरात शेकोटीशी बसवणार आहेत. दोघी कुठल्या भाषेत बोलतील देव जाणे, पण मॉरीनबाईंनी केक केलाय.

तुम्हाला फाटकापाशी पिवळं जाकीट आणि हेल्मेट देतील. ते घाला, कुरकुर करू नका, इथे कुणालाही सवलत नाही. मी पळत येऊन पाया पडेन अशी अपेक्षा ठेवू नका. मी वर असेन, पश्चिमेच्या भिंतीशी, सुतारांबरोबर. खालून हाक मारू नका, माझं लक्ष मापावर असेल. कैची जागेवर बसली आणि सगळे टेकू सैल झाले की मी स्वतः खाली येईन.

तोवर पूर्वेच्या दारात उभे राहा. तिथून तिसरी कैची सगळ्यात चांगली दिसते.

तुमची,
पूर्णिमा